स, ला, ते : आमची शाखा स्पेनमध्ये

बायादोलिद, स्पेन
कार्तिक वद्य

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप बाबांनी पोचवला. "फोनवर नुसतं 'मजेत आहोत, मजेत आहोत' चाललेलं असतं. त्या लोकांच्या भाषेत विभक्ती कशा चालतात ते एकदा कागदावर नीट लिहून पाठव म्हणावं त्याला." दुसऱ्या कोणाच्या आत्यानं हवा कशी आहे, भाजी काय भाव आहे, असं विचारलं असतं. तर हवेबद्दल एवढंच की धुकं असतं, आणि भाजीबद्दल एवढंच की मिळते. आता विभक्ती.

आधी गाव सांगतो, कारण या व्याकरणात गावाचाही हात आहे. नकाशात तुला 'वॅलाडोलिड' सापडेल. इथले लोक 'बायादोलिद' म्हणतात आणि शेवटचा द उच्चारायचे कष्ट बरेचजण घेत नाहीत. इसाबेल राणी आणि फेर्नांदो यांचं लग्न १४६९ साली इथेच लागलं. कोलंबस १५०६ साली इथेच वारला. 'दोन किखोते'चा पहिला भाग १६०५ साली बाहेर पडला तेव्हा थेर्बान्तेसचं बिऱ्हाड याच गावात होतं. ते घर अजून दाखवतात. पण गावाला खरा अभिमान यांतल्या कशाचाच नाही. अभिमान हा, की अख्ख्या स्पेनमध्ये सगळ्यांत शुद्ध भाषा आम्ही बोलतो. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा तुझ्या भाचेसुनेनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ सरळ होता: समुद्र ओलांडून आपण पुन्हा सदाशिव पेठेतच उतरलो आहोत. इथे बागेत मोर हिंडतात, एवढाच काय तो फरक. मोर खरेच आहेत, काम्पो ग्रांदे नावाच्या बागेत. आणि आपण मूळचे कुठले याचं त्यांना काही सोयरसुतक दिसत नाही.

तर विषय द्विकर्मक क्रियापदांचा. देणे, सांगणे, दाखवणे, पाठवणे. 'आत्याने मला लाडू पाठवले' यात लाडू हे प्रत्यक्ष कर्म आणि मी अप्रत्यक्ष, हे तू मला ओट्यावर बसवून शिकवलं होतंस. लाडू प्रत्यक्ष खाणारा अप्रत्यक्ष कसा, हा माझा तेव्हाचा प्रश्न अजून शिल्लक आहे, पण तो राहू दे.

स्पॅनिशमध्ये या दोन्ही कर्मांसाठी एकेका अक्षराची सर्वनामं आहेत आणि ती क्रियापदाला सोडून कुठे जात नाहीत. मला म्हणजे मे, तुला म्हणजे ते, आम्हांला नोस, तुम्हांला ओस. ही चारही द्वितीयेत तीच आणि चतुर्थीतही तीच, म्हणजे आपल्यासारखंच. भेद सुरू होतो तृतीय पुरुषात. द्यायची वस्तू पुल्लिंगी असली तर लो, स्त्रीलिंगी असली तर ला. अनेकवचनात लोस आणि लास. ज्याला किंवा जिला द्यायची ती व्यक्ती ले, आणि अनेक असतील तर लेस. नपुंसकलिंगी नामं यांच्याकडे नाहीतच. टेबल बाई आहे, पुस्तक बुवा आहे, आणि याला कारण विचारायचं नसतं.

दोन्ही कर्मं एकदम आली की क्रम ठरलेला: आधी माणूस, मग वस्तू, मग क्रियापद. 'मे लो दा.' मला ते देतो. शब्दाखाली शब्द ठेवून बघ, एकही इकडचा तिकडे होत नाही. तुझी भाचेसून इथल्या सरकारी भाषाशाळेत संध्याकाळच्या वर्गाला जाते. तिच्या वर्गात डब्लिनचे एक गृहस्थ आहेत आणि एक डच मुलगी आहे. हा धडा आला त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर रंगीत बाण काढले: वाक्याच्या शेवटचं 'ते' उचलून क्रियापदाच्या अलीकडे, 'मला' त्याच्याही अलीकडे. डब्लिनकर घाम पुसत होते, कारण इंग्रजीतून येणाऱ्याला आपलं वाक्य आधी शेवटापासून उलगडावं लागतं. तुझ्या भाचेसुनेनं वहीत मराठी वाक्य लिहिलं, त्याच्याखाली स्पॅनिश लिहिलं आणि वही मिटली. डच मुलीनं विचारलं, ही युक्ती कुठल्या पुस्तकातली? "वाळंबे," असं सांगून ही मोकळी झाली. ती बिचारी अजून पुस्तकांच्या दुकानांत 'बालिम्बे' शोधते आहे.

'आवडणे'चा धडाही तसाच गेला. इंग्रजीवाल्यांना 'मी आवडवतो' अशी सवय. स्पॅनिश म्हणते 'मे गुस्ता', मला आवडतं. वर्गाला त्यात दोन आठवडे लागले, हिला त्यात शिकण्यासारखं काही आढळलं नाही.

आणि मग घरात एक शोध लागला. थोरला जेवणाच्या टेबलावर सर्वनामांचा तक्ता पाठ करत होता. तक्त्याच्या कोपऱ्यात से, ला आणि ते एकाखाली एक आले होते, आणि तो पोपटपंचीच्या सुरात म्हणत होता: "से, ला, ते... से, ला, ते..." स्वयंपाकघरातून आपोआप आवाज आला: "स, ला, ना, ते!" क्षणभर दोघंही गप्प. मग तुझी भाचेसून हातात उलथनं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "द्वितीया, चतुर्थी. हे इथे कसं काय आलं?" आत्या, तू लगेच चष्मा पुसून निबंध लिहायला बसू नकोस. हा निव्वळ योगायोग आहे. आपल्या ला-चा आणि यांच्या ला-चा गाव वेगळा, गोत्र वेगळं. पण 'आमची कोठेही शाखा नाही' अशा पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला स-ला-ते ची शाखा कास्तियाच्या पठारावर निघालेली बघून काय वाटलं असेल, ते तुला कळेल.

योगायोग नसलेली गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुझ्या खास आवडीची आहे. मे आणि ते. संस्कृतातले मे, ते, नः, वः आठव. पाणिनीनं आठव्या अध्यायात त्यांना नेमून दिलेली जागा आठव: पादाच्या आरंभी बसायचं नाही, स्वतःचा आघात नाही, दुसऱ्या शब्दाच्या आधारानं राहायचं. स्पॅनिशचे मे, ते, नोस त्याच कुळातले, लांबचे चुलत. जुन्या स्पॅनिशमध्ये यांनाही वाक्याच्या तोंडाशी बसायला मनाई होती. जुन्या पुस्तकांत 'दिखोले', म्हणजे 'म्हणाला-त्याला', अशी रूपं भेटतात. आताच्या स्पॅनिशमध्ये मात्र 'मे लो दिखो' असं मे पासूनच वाक्य सुरू होतं. पाणिनीला हे दाखवलं असतं तर त्यानं एक जादा सूत्र केलं असतं, तेही अर्ध्या मात्रेनं आखूड.

इथपर्यंत सगळं सरळ. मग येतो 'से'.

'त्याला ते' म्हणायचं तर नियमानं 'ले लो' व्हायला हवं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर 'ले लो' लिहिलं आणि त्यावर मोठी फुली मारली. तुझ्या भाचेसुनेला हसू आवरेना, कारण तिला आपल्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारा, हिंदीत ओरडणारा केळीवाला आठवला. वर्गात कोणालाच कळेना की या फुलीत हसण्यासारखं काय आहे. तर स्पॅनिशमध्ये 'ले लो' चालत नाही. ले किंवा लेस च्या पुढे लो, ला, लोस, लास यांपैकी कोणी आलं की ले आपलं नाव टाकतो आणि 'से' होतो. से लो. त्याला ते, तिला ते, त्यांना ते, आपल्याला ते: सगळ्यांना मिळून एकच से.

वर्गात कारण सांगितलं, की 'ले लो' कानाला बरं लागत नाही. हे कारण ऐकून तू भुवया उंचावशील हे मला माहीत होतं, म्हणून मी थोडं खणलं. कानाचा काही संबंध नाही. लॅटिनमध्ये 'त्याला तो' हे 'इल्ली इल्लुम' असं होतं. बोलीत घासत घासत त्यातला जोड-ल मऊ झाला आणि जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचं 'झेलो' झालं. एल सिदच्या महाकाव्यात हेच रूप आहे. पुढे ध्वनी बदलत गेले, शेजारी आधीपासून एक आत्मवाचक 'से' राहत होताच, आणि झे त्याच्या घरात शिरला तो कायमचा. म्हणजे 'ले लो' चं कोणी बारसं मोडलं नाही. ते कधी जन्मलंच नव्हतं. प्राकृतातून मराठीत येताना आपल्या शब्दांनी याहून मोठे पराक्रम केलेत, तेव्हा तुला धक्का बसू नये. कास्तियाच्या भाषेचं पहिलं व्याकरण इथून जवळच, सालामांकाला, १४९२ साली नेब्रिखानं छापलं आणि इसाबेल राणीला अर्पण केलं. त्याच ऑगस्टात कोलंबसाची जहाजं निघाली. एकाच बाईच्या पदरी एक माणूस जग मोजत होता आणि दुसरा प्रत्यय. आपल्याला दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणासाठी १८३६ पर्यंत थांबावं लागलं, पण बोलायचं आपणही थांबलो नव्हतो.

या एका 'से'नं आमच्या इमारतीत काय अनर्थ केला ते ऐक. इथे प्रत्येक इमारतीच्या मालकांची एक संस्था असते, तिचा कायदा १९६० पासूनचा, आणि अध्यक्षपद निवडणुकीनं ठरलं नाही तर पाळीनं किंवा चिठ्ठ्या टाकून कोणाच्या तरी गळ्यात पडतं. ते पद कोणाला नको असतं हे तुला वेगळं सांगायला नको, तू सोसायटीत राहतेस. आमची लिफ्ट बंद पडली म्हणून सभा बोलावली आणि घरमालकीणबाईंनी लेखी पत्र देऊन मला आपल्या वतीनं धाडलं. विषय एकच: लिफ्टवाल्याला कळवायचं होतं, ते कळवलं का?

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई ठणकावून म्हणाल्या, "या से लो ए दिचो." म्हणजे, मी ते आधीच सांगितलंय. कोणाला, ते 'से' मध्ये.

अध्यक्षांचा समज झाला की 'से' म्हणजे 'आपल्याला', कारण आदरार्थी आपल्यालाही से हाच. ते दचकून म्हणाले, "मला?"

"नाही, त्याला."

"त्याला म्हणजे कोणाला?"

"व्यवस्थापकाला."

व्यवस्थापक शेजारीच बसले होते. ते कागदातून डोकं वर काढून म्हणाले, "आ मी नो मे लो आ दिचो नादिए." मला मला ते कोणीच सांगितलेलं नाही. मला दोनदा आलं ते तुझ्या लक्षात आलं असेल. हा त्यांचा तोतरेपणा नाही, व्याकरण आहे. मे, ते, से यांना आघात नसतो, त्यामुळे जोर द्यायचा झाला तर 'आ मी' असं वेगळं जोडावं लागतं, आणि ते जोडलं तरी मूळचा मे जागेवरच राहतो. 'से' बाबतीत तर हे शेपूट जवळजवळ सक्तीचंच होऊन बसतं: से लो दिखे आ एल, त्याला, आ एया, तिला, आ उस्तेद, आपल्याला. आणि माणसाचं नाव घेतलं तरी सर्वनाम सुटत नाही. 'तिला पुस्तक दिलं आईला' हे इथलं शुद्ध वाक्य. तुझ्या लाल पेन्सिलीखाली हे वाक्य द्विरुक्ती म्हणून ठार झालं असतं. सभा संपली तेव्हा ठरलं असं, की त्याला ते सांगावं. सगळे माना डोलवून जिन्यानं घरी गेले.

आता गावाच्या शुद्धतेकडे येतो. आमच्या घरमालकीणबाई पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. 'मी तिला सांगितलं' याचं पुस्तकी रूप 'ले दिखे'; तो असो की ती, चतुर्थीत ले. बाई म्हणतात 'ला दिखे'. ती बाई आहे ना, मग ला! शिवाय 'मी त्याला पाहिलं', तिथे लो हवा, तर तिथे त्या ले म्हणतात. पहिल्या सवयीला लाईस्मो म्हणतात, दुसरीला लेईस्मो, आणि दोन्हींचं माहेर हाच मुलूख: बायादोलिद, माद्रिद आणि आजूबाजूचा कास्तिया. भाषेची राजेशाही अकादमी १७१३ साली स्थापन झाली. तिनं १७९६ च्या व्याकरणात लाईस्मो चूक ठरवला. लेईस्मोपैकी एकट्या पुरुषाला ले म्हणण्याचा प्रकार तेवढा, इतके लोक करतात म्हटल्यावर, पदरात घेतला. घरमालकीणबाईंवर दोन्ही निकालांचा परिणाम शून्य. उलट, शिकवणाऱ्या बाई आंदालुसियाच्या, दक्षिणेकडच्या. त्या बोलताना शब्दांच्या शेवटचे स गिळतात, म्हणून इथले लोक गालात हसतात. पण ले आणि लो त्या अगदी जागच्या जागी ठेवतात. शुद्धतेची पाटी ज्यांच्या दारावर, नियम मोडायचा मान त्यांचा, हे आपल्याला पुण्यात राहून माहीत होतंच. 'मी तिला बोलले' म्हणणाऱ्या मुंबईच्या पाहुणीला तू 'म्हणाले' करायला लावल्याशिवाय चहा देत नाहीस. तुझी आणि घरमालकीणबाईंची भेट मी मनातल्या मनात घडवून पाहिली. दुभाष्या लागला नसता. दोघींनी एकमेकींना पहिल्या मिनिटात दुरुस्त केलं असतं.

आज्ञार्थाची तऱ्हा आणखी निराळी. एरवी ही सर्वनामं क्रियापदाच्या पुढे उभी असतात. आज्ञा केली की धावत मागे जातात आणि पीएमटीच्या दाराला लोंबकळावं तशी क्रियापदाच्या शेवटाला लटकतात. दा म्हणजे दे. दामेलो म्हणजे मला ते दे. दी म्हणजे सांग. दीसेलो म्हणजे त्याला ते सांग. पण 'देऊ नकोस' म्हटलं रे म्हटलं, की पुन्हा पुढे: नो मे लो देस. होकाराला मागे, नकाराला पुढे. 'मला तुला ते द्यायचंय' यात दोन क्रियापदं असल्यामुळे दोन्ही सोयी आहेत. पुढे ठेवा नाहीतर मागे लटकवा, मधे मात्र उतरू देत नाहीत.

आपल्या घरात या नियमाचा सराव अखंड चालू असतो, कारण पोरांची भांडणं स्पॅनिशमध्ये होतात. मराठी त्यांनी माझ्याशी भांडायला राखून ठेवली आहे. धाकटीनं थोरल्याची पेन्सिल घेतली की घरभर एकच शब्द घुमतो: 'देबुएल्बेमेला!' ती मला परत कर. एका शब्दात परत, कर, मला आणि ती. ला, कारण पेन्सिल आपल्याकडे स्त्रीलिंगी. पण इथे पेन्सिल पुल्लिंगी आहे, खोडरबर स्त्रीलिंगी. धाकटीनं हे त्याला त्याच वेळी सुनावलं आणि 'देबुएल्बेमेलो' असं दुरुस्त करून घेतल्याशिवाय पेन्सिल दिली नाही. तुझं रक्त आहे. अशी शेपटं लागली तरी आघात मूळ जागीच राहतो, म्हणून लिहिताना त्या अक्षरावर एक तिरकी रेघ काढतात. शेवटून चौथ्या अक्षरावर आघात असलेल्या शब्दाला यांच्याकडे 'सोब्रेएस्द्रुखुलो' असं भारदस्त विशेषण आहे. एवढं मोठं नाव भांडणातल्याच शब्दांच्या वाट्याला यावं, हे मला पटतं.

एक गंमत सांगतोच. 'साल्' म्हणजे बाहेर ये किंवा पुढे हो, आणि त्याला ले जोडून 'त्याला सामोरा जा' असं म्हणता येतं. पण रोमन लिपीत दोन ल शेजारी आले की त्यांचा उच्चार य होतो, म्हणून हे रूप बोलता येतं पण लिहिता येत नाही, अशी कबुली खुद्द अकादमीनं दिली आहे. आपण ते पाय मोडून एका फटक्यात लिहितो: साल्ले. आलेलं पत्र तू मोठ्यानं वाचतेस, तेव्हा हा परिच्छेद मनात वाच. शेजारच्या काकू दचकतील.

शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांकडून तुझ्या भाचेसुनेला जे शिकायला मिळालं ते कुठल्याच वर्गात नव्हतं. एक आई कळवळून सांगत होती, "एस्ते निन्यो नो मे कोमे." शब्दशः: हा मुलगा मला जेवत नाही. दुसरीचा तिला अभ्यास करत नव्हता. हिला आधी वाटलं, काहीतरी चुकून ऐकलं. चुकून नव्हतं. इथे क्रियापदाशी संबंध नसलेल्या पण काळजी करणाऱ्या माणसाचीही चतुर्थी लागते. मूल जेवत नाही हे मुलाला काहीच नसतं, ते आईला असतं, म्हणून मे. आपल्याकडची आई 'माझा जेवतच नाही गं' म्हणते, षष्ठी लावते. कळवळा तोच, विभक्ती तेवढी वेगळी. आणि मूल आजारी पडायला लागलं तर 'नो ते मे पोंगास मालो', तू मला आजारी पडू नकोस हं, यात ते आणि मे दोन्ही शेजारी शेजारी. त्यातलं मे वगळलं तरी अर्थ पुरा होतो. एकही आई वगळत नाही.

धाकटीला मात्र सगळ्यांत आवडलेला प्रयोग आहे 'से मे आ काईदो'. कप हातातून सुटला की म्हणायचं. त्याचा अर्थ, कप आपण होऊन पडला आणि ते मला झालं. कर्ता कप, भोगणारी मी. तुझ्याकडच्या मावशी भांडी घासताना "बाई, कप फुटला" म्हणायच्या आणि तू "फुटला की फोडलास?" असं प्रयोग बदलून विचारायचीस, ते मी धाकटीला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, मावशींना स्पॅनिश यायचं का?

इतकं सगळं पाहिल्यावर माझ्या मनात एक खोच राहिली आहे, ती तुझ्यापुढे ठेवतो. स्पॅनिश कर्ता खुशाल गाळते, क्रियापदावरून तो कळतोच. पण कर्म ती गाळू देत नाही. आपला फोन आठव:

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"देते म्हणाली."

यात कोणी कोणाला काय सांगितलं आणि कोण काय देणार, हे दोघांनाही कळलं आणि एकही सर्वनाम खर्ची पडलं नाही. हेच इथे: "से लो आस दिचो?" "से लो ए दिचो." "के ते आ दिचो?" "के मे लो दा." प्रत्येक वेळी से, लो, ते, मे दारात हजर. कोणी विचारलं आणि तुम्ही नुसतं 'सांगितलं' म्हणालात तर समोरचा वाक्य पुरं व्हायची वाट बघत उभा राहतो. आपलं कसं भागतं? तर आपलं क्रियापदच वस्तूचं लिंग-वचन पोटात घेऊन फिरतं. 'दिली' म्हटलं की वही, 'दिले' म्हटलं की लाडू. यांचे लो, ला, लोस, लास आपण आ, ई, ए करून क्रियापदाच्या पोटात कोंबले आहेत. यावर तुझं मत कळव. वाळंबे काय म्हणाले असते ते नको, तुझं.

लाडवांवरून आठवलं. तू एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर पाठवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा पोचला. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा तळ दिसत होता. थोरल्याला विचारलं, तर म्हणाला 'मे लोस ए कोमिदो'. यातला मे म्हणजे आपलं 'खाऊन टाकले' मधलं 'टाकले'. नुसतं 'खाल्ले' म्हणून त्याचं समाधान झालं नसतं. पण त्यानं खाल्ले त्याहून जास्त कमी झाले होते. धाकटी म्हणाली, "से लोस ए दादो." दिले. कोणाला, ते पुन्हा से मध्ये. बरंच खोदल्यावर कळलं की तळमजल्यावरच्या आजींना. पोरीनं स्पॅनिश उगाच निवडलं नव्हतं.

आणि काल त्या आजी, लिफ्ट बंद असताना, जिना चढून वर आल्या. दम खाल्ला, आणि म्हणाल्या, "ला रेथेता. मे ला दास?" कृती. मला ती देशील? कृती त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी, तेव्हा ला. तुझ्या भाचेसुनेनं 'से ला दोय', देते आपल्याला, असं म्हणून शब्द दिला आहे. बेसन इथे 'आरिना दे गार्बान्थो' या नावानं वाण्याकडे मिळतं, तूप आम्ही लोणी कढवून करतो. अडचण तुझ्याकडून आहे. तुझ्या कृतीत 'तूप अंदाजानं', 'बेसन हाताला हलकं लागेपर्यंत' आणि 'खमंग वास सुटला की उतरवायचं' एवढंच लिहिलेलं आहे. आजी वजनकाटा घेऊन बसल्या आहेत. त्यांना ग्रॅम हवेत आणि मिनिटं हवीत. तेव्हा एकदा सगळं मोजून करून कळव, आणि खमंग वास किती मिनिटांनी सुटतो तेही.

बाबांना आणि आईला सा. न. मुलांचा तुला नमस्कार. मी म्हटलं म्हणून नाही, त्यांनी आपण होऊन सांगितला आहे.

तुझा
भाचा

ता. क. लिफ्टवाल्याला ते कळवलं आहे, असं जिन्यात ऐकलं. कोणी कळवलं, हे कोणालाच माहीत नाही. लिफ्ट बंदच आहे.